लग्नाच्या तारखेआधीचा बाप्तिस्मा

पाळकसाहेब, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही धागा लागेल. मराठवाड्यातलं तालुक्याचं गाव, जुन्या मिशनची मंडळी, तुमची पहिलीच नेमणूक. मंडळीतली एक मुलगी संडेस्कूलपासून तुमच्याच चर्चमध्ये वाढली, नर्सिंग करून पुण्याला नोकरीला लागली. तिथे ओळख झालेल्या बौद्ध मुलाशी तिला लग्न करायचं आहे. मुलगा सरकारी नोकरीत आहे. रडारड, अबोला सगळं होऊन दोन्ही घरं आता राजी आहेत. मुलीच्या आईवडिलांचा हट्ट एवढाच, की लग्न चर्चमध्ये लागलं पाहिजे. कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात, "पंधरा दिवसांत मुलाला बाप्तिस्मा देऊन टाका, मग कोण काय बोलणार?" मुलगाही म्हणतो, फॉर्मॅलिटी असेल तर माझी हरकत नाही. दुसरा गट म्हणतो, लग्न तर लावायचं नाहीच, वर मुलीचं नाव सभासद यादीतून काढा. तारीख दीड महिन्यावर आली आहे आणि तुम्ही विचारता, लग्न लावू की नको?

माझ्या मते हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा आहे, आणि तो सेक्रेटरींनी इतक्या सहज मध्ये आणून ठेवला आहे की तो प्रश्न आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. त्याचं माझं उत्तर सरळ आहे: लग्नाच्या तारखेआधी, लग्नासाठी म्हणून, त्या मुलाला बाप्तिस्मा देऊ नका. लग्न चर्चमध्ये लावायचं का, कसं लावायचं, मुलीला मंडळीत कसं ठेवायचं, हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्यात माझ्यापेक्षा वेगळं मत असणारे चांगले पाळक मी पाहिले आहेत. बाप्तिस्म्याबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही.

काय काय अवलंबून आहे ते आधी सांगतो. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) आहात, मेथॉडिस्ट आहात की स्वतंत्र मंडळीचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. प्रत्येकाचे नियम निराळे आहेत. एकाच चर्चमध्येसुद्धा एक बिशप परवानगी देतात, दुसरे देत नाहीत. गावचं वातावरण कसं आहे, गेल्या वर्षा-दोन वर्षांत प्रार्थना सभेत कुणी येऊन गोंधळ घातला आहे का, पोलीस ठाण्याशी तुमचे संबंध कसे आहेत, यावरही बरंच ठरतं. आणि मुलाच्या मनात खरोखर काय आहे हे तुम्ही त्याच्याशी एकट्याने बोलल्याशिवाय कुणालाच कळणार नाही, मला तर नाहीच नाही.

आता बाप्तिस्मा. त्या मुलाच्या घराकडून बघा. 1935 साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म स्वीकारला. मधली एकवीस वर्षं त्यांनी विचार केला. ख्रिस्ती धर्माचाही केला, आणि तो घेतला नाही. त्या मुलाच्या आजोबांनी किंवा पणजोबांनी घरातले देव काढून ठेवले, गावकीची कामं सोडली, त्याची किंमत मोजली. त्या घरातल्या मुलाला आपण सांगणार की हॉलचं बुकिंग आहे, तेवढं पाणी घे? तो मुलगा "हरकत नाही" म्हणतो ते मुलीवरच्या प्रेमापोटी. त्याची आई ते ऐकेल तेव्हा काय म्हणेल याचा विचार सेक्रेटरींनी केलेला दिसत नाही. पुढची चाळीस वर्षं तुमच्या मंडळीची मुलगी त्या आईच्या घरात सून म्हणून राहणार आहे.

मग आपली बाजू. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्ही त्याला सगळ्यांसमोर विचारणार: ख्रिस्तावर विश्वास ठेवतोस का, पापाचा त्याग करतोस का. तो "होय" म्हणेल. ते खोटं आहे हे त्याला माहीत, तुम्हाला माहीत, पहिल्या बाकावरच्या सेक्रेटरींनाही माहीत. लग्नाची शपथ त्याने खरी घ्यावी अशी आपली अपेक्षा, आणि त्याच वेदीसमोर आधी खोटी शपथ आपणच घ्यायला लावणार. हे मला कधी पटलं नाही.

उलट बाजूने पाहिलं की जास्त स्पष्ट दिसतं. पुण्यामुंबईत लग्न लावून देणाऱ्या काही ठिकाणी मुलगी ख्रिस्ती असेल तर आधी तिचं शुद्धीकरण करतात, नाव बदलतात, प्रमाणपत्र देतात आणि तासाभरात लग्न लावतात. आपल्या एखाद्या मुलीचं असं झालं की आपली मंडळी पेटून उठते, आणि उठावंच. मग आपण त्या मुलाशी जे करायला निघालो आहोत ते वेगळं कसं?

नोकरीचा भाग तर सेक्रेटरींच्या ध्यानातच आलेला नाही. अनुसूचित जातींच्या सवलती कुणाला हे ठरवणारा 1950 चा आदेश सुरुवातीला फक्त हिंदूंपुरता होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. 2022 मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला तो याच विषयावर, पण आदेश जसा आहे तसाच आहे. मुलगा राखीव जागेवर लागला असेल तर बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधली एक ओळ त्याच्या जातीच्या दाखल्यापर्यंत, बढतीपर्यंत, उद्या मुलांच्या शिष्यवृत्तीपर्यंत पोहोचू शकते. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे, आणि आपल्याच मंडळ्यांमधली कितीतरी घरं या एका कारणाने कागदावर एक आणि रविवारी एक अशी जगतात हे तुम्हालाही ठाऊक असेल. पण खऱ्या विश्वासाने येणारा माणूस ही किंमत समजून-उमजून मोजतो. या मुलाला ती सांगितलेलीसुद्धा नाही.

हे तुम्ही कमिटीत मांडलंत की लगेच कुणीतरी म्हणेल, "मग रजिस्टरला लिहू नका, गुपचूप देऊन टाका." असं म्हणणारा माणूस बहुतेक वेळा मंडळीतला सगळ्यात धार्मिक माणूस असतो, का ते मला अजून कळलेलं नाही. त्याला एवढंच विचारा, जो बाप्तिस्मा रजिस्टरमध्ये लिहिता येत नाही तो उपासनेत कसा देता येईल?

शिवाय आजच्या दिवसांत लग्नासाठी दिलेला बाप्तिस्मा म्हणजे आमिषाचा आरोप हातात आयता देणं. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि गुजरातेत धर्मांतराआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे कागद करावे लागतात, आणि लग्नासाठीचं धर्मांतर हाच त्या कायद्यांचा रोख आहे. हे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलत आहेत, म्हणून आपल्याकडे आज नेमकं काय लागू आहे ते तुमच्या जिल्ह्याच्या वकिलाला विचारा. पण कायद्याची भीती हे माझं मुख्य कारण नाही. उद्या सगळे कायदे रद्द झाले तरी मी हेच सांगेन.

आणि मुलगा खराच ओढला गेला असेल तर? असतातही असे. मुलीबरोबर उपासनेला येऊन बसता बसता एखादं वचन मनात रुतलेलं असतं. मग उत्तर आणखी सोपं. लग्न होऊ द्या, संसार लागू द्या, त्यानंतर तो स्वतःच्या पायाने आला की इतर कुणाला देता तशी पूर्ण तयारी करून घ्या. खरा असेल तो थांबेल. लग्नानंतर बाप्तिस्मा मागायला त्याच्याकडे दुसरं कुठलंच कारण उरत नाही, आणि म्हणूनच त्या मागणीवर विश्वास ठेवता येतो.

मराठी ख्रिस्ती माणसाने तरी मिश्र घराला इतकं घाबरू नये. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी 1895 मध्ये झाला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. आधी ताटातूट, मग एकत्र येऊनही त्या हिंदूच राहिल्या, सोवळंओवळं पाळत राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा झाला तो काही वर्षांनी, त्यांच्या मनाने घेतलं तेव्हा. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे. ज्या घराचा आपण प्रत्येक जयंतीला अभिमानाने उल्लेख करतो ते घर काही काळ दोन धर्मांचं होतं. फरक आहे, मान्य. ते लग्न आधीचं होतं, हे नव्याने होतंय. पण घाई केली असती तर लक्ष्मीबाई मिळाल्या असत्या का, हा प्रश्न कमिटीत विचारायला हरकत नाही.

आता लग्नाच्या कायद्याकडे वळू, कारण इथे चांगल्या चांगल्या पाळकांचा गोंधळ होतो. 1872 चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा असं म्हणत नाही की दोघंही ख्रिस्ती हवेत. दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी या कायद्याखाली लग्न लागतं. म्हणजे मुलगा बौद्ध राहूनही कायद्याने तुमच्या चर्चमध्ये लग्न लागू शकतं. "बाप्तिस्म्याशिवाय लग्न लागतच नाही" हे सेक्रेटरींचं म्हणणं कायद्यात बसत नाही. तुमच्या चर्चच्या नियमांत बसतं का, ते निराळं तपासायचं.

लग्न कोण लावणार हे मात्र कायदा फार काटेकोरपणे बघतो. बिशपच्या हातून दीक्षा झालेले पाळक आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावू शकतात. बाकीच्यांना सरकारचा परवाना लागतो. अधिकार नसताना लग्न लावलं तर कलम 68 खाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुम्ही नव्याने दीक्षा घेतलेले असाल आणि अजून डीकन (पूर्ण पाळकपदाच्या आधीची पायरी) असाल, किंवा स्वतंत्र मंडळीत असाल आणि परवान्याचा कागद "येतोय" असं कुणी सांगत असेल, तर या लग्नाला हात लावू नका. परवाना असलेल्या वडीलधाऱ्या पाळकांना बोलवा.

फक्त बौद्ध पद्धतीने लग्न लावायचं असं मुलाकडचे म्हणाले तर तेही कायद्याने अडचणीचं आहे. हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीख येतात, पण दोन्ही बाजू त्यात बसल्या पाहिजेत. मुलगी ख्रिस्ती असताना ते लग्न त्या कायद्याखाली टिकत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ख्रिस्ती मुलगा आणि हिंदू मुलगी यांचं देवळात लागलेलं लग्न याच कारणाने रद्दबातल मानलं. मुलीच्या वडिलांना हे शांतपणे समजावून सांगा. उद्या काही वाईट झालं, नवऱ्याच्या पेन्शनचा प्रश्न आला, तर तिच्या हातात टिकणारा कागद असला पाहिजे.

दुसरा रस्ता 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान तीस दिवस राहिलेला आहे तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती तीस दिवस लागते, हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर लग्न. दोघं पुण्याला असतील तर तिथेच होईल. तुमच्या हातात दीड महिना आहे, म्हणजे हा रस्ता निवडायचा तर नोटीस या आठवड्यात गेली पाहिजे. एक बारीक मुद्दा: या कायद्याखाली लग्न केल्यावर मुलगा कायद्याने एकत्र कुटुंबातून वेगळा झाला असं धरतात, आणि वारसाहक्कालाही दुसरा कायदा लागतो. गावाकडे सामाईक शेतजमीन असेल तर त्याच्या वडिलांना हे आधी कळलेलं बरं, नाहीतर नंतर "तुमच्या लोकांनी आमचं घर फोडलं" हे ऐकायला मिळतं.

या दोन रस्त्यांपैकी माझा कल कुठे? तुमचे बिशप लेखी परवानगी देत असतील आणि गावात वातावरण शांत असेल तर चर्चमध्ये लग्न लावा. मुलगी सभासद आहे, तिच्या लग्नाला तिची मंडळी उभी राहिली पाहिजे. परवानगी नसेल तर विशेष विवाह कायद्याखाली लग्न होऊ द्या आणि त्यानंतर उपकारस्तुतीची प्रार्थना सभा घ्या, चर्चमध्ये जमलं तर चर्चमध्ये, नाहीतर मुलीच्या अंगणात. फक्त त्या वेळी विवाहाचं रजिस्टर उघडू नका. लग्न आधीच झालेलं आहे, तुम्ही आशीर्वाद देता आहात. एकाच जोडप्याची दोन लग्नं दोन तारखांना दोन कागदांवर दिसली की पासपोर्टपासून प्रत्येक ठिकाणी त्रास सुरू होतो.

कॅथलिक चर्चने हा विषय आपल्यापेक्षा जास्त व्यवस्थित लावून घेतला आहे. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायचं तर बिशपकडून सूट घ्यावी लागते. कॅथलिक जोडीदार आपला विश्वास जपण्याचं आणि मुलांना त्यात वाढवण्यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करण्याचं वचन देतो, आणि दुसऱ्याला त्या वचनाची कल्पना दिली जाते. दुसऱ्याने धर्म बदलावा अशी अट नाही. आपल्याकडे जिथे लेखी नियम नाहीत तिथे ही चौकट डोळ्यासमोर ठेवायला मला काही गैर वाटत नाही.

"विजोड होऊ नका" हे वचन दुसरा गट तुमच्यासमोर ठेवणार, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातलं. त्याला हसण्यावारी नेऊ नका. तरुणांशी बोलताना जोडीदार विश्वासातला असावा हे मीही सांगतो, आणि या मुलीलाही तुम्ही तुमचं मत आडपडदा न ठेवता सांगायला हवं. पण त्याच पौलाने पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराबरोबर नांदणाऱ्यांना, तो राजी असेल तर सोडू नका असं सांगितलं आहे. त्या मंडळ्यांमध्ये मिश्र घरं होती आणि ती मंडळीतच होती. मुलीने निर्णय घेतला आहे. आता तिला बाहेर काढून कुणाचा विश्वास वाढणार?

नाव काढण्याची भाषा मुलींच्याच बाबतीत का होते, हेही कमिटीला विचारा. मंडळीतल्या मुलाने बाहेरची मुलगी केली की "सून आली" म्हणून आपण जेवायला जातो. माझ्या पाहण्यात आपल्या मंडळ्यांतल्या मुली शिकून पुढे गेल्या, मिरज-जालन्याच्या मिशन दवाखान्यांपासून नर्सिंगची परंपराच आहे, आणि त्यांच्या जोडीचे मुलगे मंडळीत तेवढे नाहीत. नगरकडच्या एका मंडळीत असं एका मुलीचं नाव काढलं. तिची धाकटी बहीण संडेस्कूलची शिक्षिका होती, ती दुसऱ्या रविवारपासून आली नाही. आईवडीलही हळूहळू यायचे थांबले. नाव एकीचं काढलं होतं.

आता त्या दोघांशी बोलण्याचं. हे कमिटीच्या बैठकीपेक्षा महत्त्वाचं आहे आणि त्याला वेळ द्या. आधी मुलीशी एकटीशी, तुमच्या घरी, पाळकीणबाई शेजारी असतील असं. मग मुलाशी एकट्याने. मग दोघांशी. "एकमेकांवर प्रेम आहे ना?" असल्या प्रश्नांत वेळ घालवू नका, ते दिसतंच आहे. घरातल्या गोष्टी विचारा. दाराच्या समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लागेल की वचनाचं कॅलेंडर? दोन्ही लागतील तर कुठे? 14 एप्रिल आणि गुड फ्रायडे एकाच आठवड्यात आले तर सुट्टी घेऊन कुणाच्या गावाला जायचं? रविवारी तिची ड्यूटी नसेल तेव्हा ती उपासनेला जाईल आणि सासूबाई त्याच दिवशी पाहुणे बोलावतील, तेव्हा कोण बोलणार? बाळाचं नाव कोण ठेवणार आणि ते बाळ बाप्तिस्म्याला आणायचं का? ती मेल्यावर तिला कुठे ठेवायचं? हा शेवटचा प्रश्न ऐकून दोघंही हसतात. पण आपल्या कबरस्थानाचे नियम तुम्हाला माहीत आहेत, आणि अशा वेळी मयत दारात ठेवून दोन्हीकडच्या माणसांनी वाद घातलेले मी पाहिले आहेत. एका कागदावर लिहून ठेवायला काय लागतं?

बाळाच्या प्रश्नावर बहुतेक जोडपी "मोठं झाल्यावर त्याचं ते ठरवेल" असं म्हणतात. ते ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात कुणीच काही शिकवत नाही आणि मूल ठरवायला बसतं तेव्हा त्याच्यापुढे काही नसतं. निदान ती त्याला प्रार्थना शिकवेल आणि तो त्याला धम्म सांगेल, एवढं तरी कबूल करून घ्या. मुलांच्या दाखल्याचा विषयही इथेच काढा.

दुसरा विधी हा नाजूक भाग आहे. मुलाकडचे त्यांच्या गावी बौद्धाचार्यांना बोलावून मंगल परिणय करणार हे गृहीत धरा. मी अशा कार्यक्रमाला पाहुणा म्हणून जातो, बसतो, जेवतो, आणि माझं काही बिघडलेलं नाही. पण मुलीला एक गोष्ट सांगून ठेवा. त्या विधीत म्हणतात ते त्रिशरण म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघाला शरण जाण्याचा उच्चार आहे. मुलाने बाप्तिस्म्याचं "होय" फॉर्मॅलिटी म्हणून म्हणू नये असं आपण म्हणतो, तर तिनेही ते शब्द फॉर्मॅलिटी म्हणून म्हणू नयेत. तिने तेवढ्यापुरतं हात जोडून शांत उभं राहावं आणि लग्नाच्या प्रतिज्ञेला मोकळेपणाने बोलावं, हे बहुतेक बौद्धाचार्य समजून घेतात. आधी जाऊन भेटलात तर नक्कीच. लग्नाच्या दिवशी स्टेजवर सांगायला जाऊ नका. एक गंमत म्हणजे पोशाखाचा प्रश्न येत नाही. आपली नवरी पांढऱ्या साडीत, त्यांचीही पांढऱ्या साडीत. एका लग्नात तर तीच साडी दोन्हीकडे चालली, फक्त डोक्यावरचा नेट काढला.

चर्चमध्ये लग्न लावायचं ठरलं तर त्या दिवसाबद्दल थोडंसं. 1872 च्या कायद्याप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेत लागलं पाहिजे. मुलाकडची ट्रॅव्हल्स उशिरा येणार हे धरून वेळ दुपारची ठेवा. सहाची ठेवलीत तर साडेसहाला गेटवर वाजंत्री सुरू असेल आणि तुम्ही घड्याळाकडे बघत असाल. मुलाकडच्या माणसांना उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे माहीत नसतं. ती मागच्या बाकांवर एकमेकांकडे बघत अवघडून बसतात. तरुण संघाच्या दोन मुलांना त्यांच्यामध्ये बसवा, गाण्याचं पुस्तक उघडून हातात द्या. उपदेश छोटा ठेवा आणि त्यात त्यांना वाचवायचा प्रयत्न करू नका. पाहुण्यांना घरात घेऊन टोमणा मारल्यासारखं ते होतं. कागद भरताना मुलाचा धर्म लिहायची वेळ आली तर "बौद्ध" असंच लिहा. तिथे तुमचा हात अडखळला तर सेक्रेटरी लगेच पेन पुढे करतील, म्हणून सांगतो. रजिस्टरच्या नकला वेळेत पाठवा आणि जोडप्याला स्थानिक विवाह नोंदणी कार्यालयातही नोंद करून घ्यायला सांगा.

सेक्रेटरींना मात्र शत्रू करू नका. त्यांची भीती खरी आहे: आज हिला सूट दिली, उद्या सगळे असंच करतील, मंडळी विरघळून जाईल. त्यांना सांगा की नियम करूच, पण या लग्नावरून नाही. नाताळ होऊन जाऊ द्या, मग बैठक घेऊन मिश्र विवाहाबद्दल मंडळीचं धोरण लेखी करा, मुलांना आणि मुलींना सारखं, आणि बिशपची सही घ्या. एखाद्या मुलीचं नाव समोर असताना केलेला नियम हा नियम नसतो, निकाल असतो. धोरणाचा मसुदा सेक्रेटरींनाच करायला द्या. ते मनापासून करतील.

आता लगेच काय करायचं. सगळ्यात आधी बिशपना किंवा तुमच्या वरिष्ठांना पत्र, लेखी, व्हॉट्सॲपवर नाही. त्यात बाप्तिस्म्याची मागणी झाली होती आणि तुम्ही ती का नाकारली हे चार ओळींत लिहा, लग्नाच्या परवानगीबद्दल स्पष्ट विचारा आणि आवक क्रमांक घेऊन ठेवा. उत्तर येईपर्यंत मुलीच्या वडिलांना होय किंवा नाही काहीच सांगू नका, पण दोन्ही रस्ते त्यांना सांगा आणि विशेष विवाहाची नोटीस देऊन ठेवायला सुचवा, ती वाया गेली तरी नुकसान नाही. मुलाला या शनिवारी बोलवा. बाप्तिस्म्याचा विषय तुम्हीच काढा आणि त्याची गरज नाही हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या. तो काय बोलतो ते ऐकून मला परत लिहा, कारण पुढचं बरंचसं त्यावर ठरेल.